सवयीचें अवजार आणि लिनक्सचा जन्म

१९९२ सालच्या जानेवारीच्या २९ तारखेस ॲमस्टरडॅम येथील एका नामांकित प्राध्यापकांनीं हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याच्या कामावर जाहीर टीका केली. प्राध्यापकांचें नांव अँड्र्यू टॅनेनबॉम. विद्यार्थ्याचें नांव लिनस टोरवाल्ड्स, वय वर्षें बावीस. टीकेचा मथळाच असा होता कीं, लिनक्स कालबाह्य झालें आहे. मौज अशी कीं, ज्या वस्तूस कालबाह्य म्हटलें ती जगापुढें येऊन पुरते पांच महिनेहि झाले नव्हते.

संगणकाच्या अंतरंगाशीं ज्यांचा कधीं संबंध येत नाहीं, अशा श्रोत्यांसहि या वादाचा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. एखादें काम एकट्यानें, हौसेनें, दिवसाचा उद्योग आटोपून उरलेल्या वेळांत करावयास घेतलें, म्हणजे पहिला प्रश्न पडतो तो साधनांचा. ज्यावर हात बसला आहे तें जुनें अवजार घ्यावें, कीं बाजारांत नुकतेंच आलेलें, ज्याची सर्वत्र वाहवा चालली आहे तें घ्यावें? सुतारास हा प्रश्न क्वचित् पडतो. पटाशी आणि रंधा दर पांच वर्षांनीं बदलत नाहींत. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यास मात्र तो रोजचाच आहे. त्याच्या धंद्यांत भाषा आणि साधनें यांची फॅशन साड्यांच्या काठांपेक्षांहि लवकर पालटते, आणि कालचें साधन हातांत धरणारा मनुष्य आज मागासलेला ठरतो. या बाबतींत नुसता उपदेश ऐकण्यापेक्षां एक घडलेला इतिहास पाहणें बरें. एकाच हेतूनें, जवळजवळ एकाच वेळीं, दोन ठिकाणीं दोन निराळ्या निवडी झाल्या, आणि त्यांचा निकाल पाहावयास आपणांस तीस वर्षांहून अधिक काळ मिळाला आहे. इतिहासांत अशी सोय वारंवार होत नाहीं.

प्रथम वादाचा मुद्दा काय होता तें पाहूं. प्रत्येक संगणकांत एक मूळ आज्ञावली असते. कोणत्या कामास यंत्र किती वेळ द्यावयाचें, स्मृतींतील जागा कोणास द्यावयाची, डिस्कवरील मजकूर कोठें ठेवावयाचा, हें सर्व ती ठरविते. तिला कर्नेल म्हणतात. आपण तिला गाभा म्हणूं. जुन्या पद्धतींत हा गाभा एकसंध असे. एखाद्या लहान संस्थानांत एकच कारभारी असावा, आणि कोठीच्या किल्ल्या, जमाखर्चाच्या वह्या, पाहुण्यांची व्यवस्था व शिपायांच्या पाळ्या हें सारें त्याच्याच एका दालनांत चालावें, तसा हा प्रकार. काम झपाट्यानें उरकतें; पण एके ठिकाणीं घोटाळा झाला कीं सगळाच कारभार कोसळण्याचें भय. नव्या पद्धतींत कारभाऱ्याकडे अगदीं थोडें काम ठेवावयाचें. मुख्यतः खात्याखात्यांमध्यें चिठ्ठ्यांची नेआण करावयाची. कोठी, जमाखर्च, पाहुणचार यांचीं स्वतंत्र खातीं स्वतंत्र खोल्यांत बसवावयाचीं आणि मध्यें भक्कम भिंती घालावयाच्या. एका खोलींतील कारकून बेशुद्ध पडला तरी बाकीचीं खातीं चालूं राहतात. या पद्धतीचें नांव मायक्रोकर्नेल, म्हणजे सूक्ष्मगाभा. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८५ सालीं ज्याचें काम सुरू झालें तो माक हा तिचा सर्वांत गाजलेला नमुना. चिठ्ठ्यांच्या नेआणींत वेळ जातो ही तिची उणीव सर्वांस ठाऊक होती, पण ती लौकरच दूर होईल अशी खात्रीहि सर्वांस होती. आणि १९९० च्या सुमारास या क्षेत्रांतील विद्वानांचें बहुतेक एकमत झालें होतें कीं, यापुढें गाभा लिहावयाचा तो असाच.

जुन्या पद्धतीचा थोर नमुना म्हणजे युनिक्स, आणि त्याचा जन्महि एका माणसाच्या हौसेंतूनच झाला. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें मल्टिक्स नांवाच्या अवाढव्य प्रकल्पांतून अंग काढून घेतलें. त्यानंतर तेथील केन टॉम्प्सन यांनीं, कोणी फारसें वापरीत नसलेलें पीडीपी-७ हें यंत्र हाताशीं घेऊन आपल्या उपयोगासाठीं एक लहानशी प्रणाली रचली. त्या उन्हाळ्यांत त्यांची पत्नी मुलाला घेऊन कॅलिफोर्नियास गेली होती. घरांत मिळालेल्या त्या निवांत आठवड्यांत बराचसा डोलारा उभा राहिला. पुढें त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सी ही भाषा सिद्ध केली आणि १९७३ सालीं युनिक्सचा गाभा तींत फिरून लिहिण्यांत आला. म्हणजे आपल्या कथेचा काळ येईपर्यंत युनिक्स बावीस वर्षांचें आणि सी जवळजवळ वीस वर्षांची झाली होती. संगणकाच्या जगांत हें वय वानप्रस्थाश्रमाचें समजावें.

युनिक्सचा मूळ मजकूर विद्यार्थ्यांस वर्गांत शिकविण्यास त्याच्या मालक कंपनीनें १९७९ च्या आवृत्तीपासून मनाई केली. टॅनेनबॉम हे ॲमस्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठांत हाच विषय शिकवीत. त्यांनीं या मनाईवर स्वतःच्या श्रमांनीं उपाय काढला. बाहेरून युनिक्ससारखी दिसणारी, पण आंतून सर्वस्वी निराळी अशी मिनिक्स नांवाची प्रणाली त्यांनीं लिहिली आणि १९८७ सालीं आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. मिनिक्सचा गाभा सूक्ष्म होता. साध्या आयबीएम पीसीवर ती चाले, आणि तिचा बराचसा मजकूर पुस्तकांतच छापलेला असे. एका सत्रांत विद्यार्थ्यास संपूर्ण समजावी इतकीच ती मोठी ठेवावयाची, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हणून सुधारणांच्या सूचनांचा ढीग पडला तरी बहुतेकांस ते नकार देत. शिक्षक या नात्यानें त्यांचें हें करणें योग्यच होतें असें मला वाटतें, जरी त्यामुळें पुष्कळ लोक हिरमुसले झाले.

त्या हिरमुसलेल्यांपैकीं एक हेलसिंकीस होता. टोरवाल्ड्स हा फिनलंडमधील स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्य समाजांतला मुलगा. आजोबा हेलसिंकी विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या कमोडोर व्हिक-२० या खेळण्यावजा यंत्रावर त्याचा हात प्रथम बसला. पुढें त्यानें सिंक्लेअर क्यूएल नांवाचें यंत्र घेतलें. क्यूएल कागदावर मोठें आधुनिक होतें, पण बाजारांत चाललें नाहीं. १९८६ सालीं सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीनें विकत घेतला आणि क्यूएलची निपज बंद झाली. असल्या पोरक्या यंत्रासाठीं फिनलंडमध्यें तयार सामग्री कोठून मिळावी? तेव्हां असेंब्लर, मजकूर लिहिण्याची आज्ञावली, हें सर्व त्या मुलानें स्वतःच लिहिलें. त्याची यंत्राच्या हाडामांसाशीं ओळख झाली ती अशी. परंतु जानेवारी १९९१ मध्यें नवें यंत्र घेण्याची वेळ आली तेव्हां त्यानें घेतला तो कोणत्याहि दुकानांत मिळणारा साधा पीसी. त्यांत इंटेलची ३८६ ही चिप, गति ३३ मेगाहर्ट्झ, स्मृति ४ मेगाबाइट. आणि किंमत हप्त्यांनीं फेडावयाची.

आदल्याच वर्षीं विद्यापीठांत त्याचा युनिक्सचा अभ्यासक्रम झाला होता आणि टॅनेनबॉम यांचें पुस्तक वाचून झालें होतें. मिनिक्स मागवून त्यानें यंत्रावर चढविलें. ३८६ चिपच्या अंगीं अनेक कामें आळीपाळीनें चालविण्याची सोय मुळांतच होती, आणि ती प्रत्यक्ष कशी चालते हें पाहण्याची त्यास उत्कंठा होती. पहिला प्रयोग अगदीं बाळबोध. दोन कामें सुरू करावयाचीं. एकानें पडद्यावर ‘ए’ हें अक्षर उमटवीत राहावें, दुसऱ्यानें ‘बी’. अक्षरें आळीपाळीनें उमटूं लागलीं. त्यांतून विद्यापीठाच्या संगणकाशीं टेलिफोनच्या तारेवरून बोलणारी आज्ञावली झाली. मग तेथून उतरवून घेतलेला मजकूर ठेवण्यासाठीं डिस्क वाचतां-लिहितां आली पाहिजे, आणि डिस्क आली म्हणजे फायलींची व्यवस्था आली. असें करतां करतां आपण एक संपूर्ण प्रणालीच लिहावयास घेतली आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें.

ऑगस्टच्या २५ तारखेस त्यानें मिनिक्सच्या मंडळींस संगणकावरून जें पत्र धाडिलें, तें आज जगप्रसिद्ध आहे. आपण एक फुकट वांटावयाची प्रणाली करीत आहों. हा नुसता छंद आहे, ग्नूसारखें मोठें व्यावसायिक काम कांहीं यांतून व्हावयाचें नाहीं. ती दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर नेतां येणार नाहीं. आणि आपल्याजवळ ज्या प्रकारची डिस्क आहे तिच्याखेरीज दुसरी डिस्क ती बहुधा कधींच ओळखणार नाहीं, असा त्याचा आशय. या पत्रांतील विनयाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. मला तें पत्र निराळ्या कारणासाठीं महत्त्वाचें वाटतें. त्यांत हाताशीं घेतलेल्या सामग्रीची जणूं यादीच आहे. ग्नूचा १.४० आवृत्तीचा जीसीसी हा कंपायलर आणि १.०८ आवृत्तीचें बॅश, हीं दोन्ही आपल्या प्रणालीवर चालूं लागल्याचें त्यानें कळविलें. डिस्कवरील फायलींची मांडणी मिनिक्सचीच ठेविली आहे असें सांगितलें, आणि त्याचें कारण दिलें तें तत्त्वाचें नव्हे, व्यवहाराचें.

पत्राबाहेरची यादीहि अशीच आहे. भाषा सी. बाहेरून दिसणारें रूप युनिक्सचें. त्याचे अधिकृत नियम मिळविण्याचा त्यानें जुलै महिन्यांत यत्न केला. ते मिळाले नाहींत, तेव्हां विद्यापीठांतील सन कंपनीच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांवर काम भागविलें. गाभ्याची रचना जुनी, एकसंध. या सर्वांत नवें, अनोळखी असें काय होतें? एकच वस्तु, ती ३८६ चिप. आणि तिच्याशीं ओळख करून घेण्यासाठींच तर सारा खटाटोप होता. हिंवाळ्यांतील सारे दिवस आणि उन्हाळ्यांतील साऱ्या रात्री त्या एका अनोळखी वस्तूवर खर्च करण्यास तो मोकळा राहिला, कारण बाकी कशाशींच त्यास झगडावें लागत नव्हतें. लिनक्स सुरू झालें त्यापेक्षां तें पुरें झालें याचें मला अधिक नवल वाटतें. सुरू तर त्या वर्षीं जगांत कित्येक विद्यार्थ्यांनीं कित्येक गोष्टी केल्या असतील. या पुरें होण्याचें कारण माझ्या मतें या यादींत आहे.

सप्टेंबरच्या १७ तारखेस सुमारें दहा हजार ओळींची पहिली, म्हणजे ०.०१ ही आवृत्ति तयार झाली. कर्त्यानें तिचें नांव फ्रीक्स असें योजिलें होतें. पण ज्या संगणकावर ती ठेवावयाची तेथील व्यवस्थापक आरी लेमके यांस तें आवडलें नाहीं आणि त्यांनीं ‘लिनक्स’ या नांवाच्या कप्प्यांत ती ठेवून दिली. थोड्याच महिन्यांत एक विनोदी अपघात घडला. विद्यापीठास टेलिफोन लावण्याची आज्ञा मॉडेमऐवजीं चुकून डिस्ककडे गेली आणि मिनिक्सचा भाग पुसून निघाला. मिनिक्स पुनः चढविण्याचा खटाटोप न करतां टोरवाल्ड्सनें तेव्हांपासून आपल्याच प्रणालींत बिऱ्हाड केलें.

अशा स्थितींत टॅनेनबॉम यांचा लेख आला. त्यांचे मुद्दे मुख्यतः दोन. सूक्ष्मगाभा आणि एकसंध गाभा यांतील वाद विद्वानांपुरता संपलेला आहे आणि सूक्ष्मगाभा जिंकला आहे. १९९१ सालीं एकसंध गाभा लिहिणें म्हणजे पुनः १९७० च्या दशकांत जाऊन बसणें होय. दुसरें, इंटेलच्या एका चिपशीं प्रणालीची गांठ इतकी घट्ट बांधणें हेंहि चुकीचें, कारण ती चिप फार दिवस टिकणारी नाहीं. पुढें वाद वाढल्यावर ते असेंहि म्हणाले कीं, हा तरुण माझा विद्यार्थी नाहीं हें त्याचें भाग्य. असल्या रचनेस मीं चांगले गुण दिले नसते. टोरवाल्ड्सचें पहिलें उत्तर तापट होतें, आणि त्याबद्दल त्यानें लौकरच क्षमाहि मागितली. त्या उत्तरांतील एक कबुली मात्र शांतपणें वाचण्यासारखी आहे. तत्त्व आणि सौंदर्य या दृष्टींनीं सूक्ष्मगाभा श्रेष्ठ आहे हें त्यानें मान्य केलें. ग्नूचा गाभा गेल्या वसंत ऋतूंत तयार असता तर आपण या भानगडींत पडलोंच नसतों, असेंहि तो म्हणाला. पण तो तयार नव्हता, आणि लिनक्स आज चालतें आहे, हें त्याचें म्हणणें.

या वादांत खुद्द केन टॉम्प्सन यांनींहि दोन ओळी लिहिल्या. एकसंध गाभा लिहिणें सोपें असतें, असें त्यांनीं सांगितलें. आणि पुढें फेरफार होत गेले म्हणजे त्याचा गोंधळ होणेंहि तितकेंच सोपें, ही जोड लगेच दिली. ज्यानें स्वतः हा मार्ग आंखला त्याची ही साक्ष आहे. ती आपण पुढें आठवूं.

आतां दुसरी निवड. ज्या ग्नूचा उल्लेख वर आला, त्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ च्या सप्टेंबरांत जाहीर केला होता. युनिक्ससारखी, पण सर्वांस मोकळी अशी संपूर्ण प्रणाली निर्माण करावयाची, हा तो संकल्प. १९९० पर्यंत कंपायलर, संपादक, बॅश, सर्व कांहीं तयार झालें. उणा राहिला तो गाभा. त्यासाठीं त्यांनीं माक निवडला. हिशेब अविचाराचा मुळींच नव्हता. तळाचा भाग कार्नेगी मेलनकडून तयार मिळणार. वरचीं खातीं साध्या आज्ञावल्यांप्रमाणें लिहितां आणि तपासतां येणार. म्हणजे कामाचा सर्वांत अवघड वांटा टळला. माकच्या वांटपाच्या अटी मोकळ्या होतात कीं नाहीं याची वाट पाहण्यांत तीन वर्षें गेलीं. १९९० सालीं हर्ड या नांवानें काम सुरू झालें. मग कळलें कीं, अनेक खातीं एकाच वेळीं एकमेकांस चिठ्ठ्या धाडीत असतां, चूक नेमकी कोणत्या चिठ्ठीपाशीं झाली हें हुडकणें, हाच कामाचा सर्वांत अवघड वांटा आहे. असल्या रचनेंतील चुका शोधण्याची हातोटी त्या काळीं फारच थोड्यांजवळ होती. २०१६ सालीं हर्डची ०.९ ही आवृत्ति निघाली, १.० अद्याप निघाली नाहीं. माकची निवड आपली होती आणि दिरंगाईचें कारण तीच दिसते, हें स्टॉलमन यांनीं पुढें निःसंकोच सांगितलें आहे. हर्डचे पहिले रचनाकार थॉमस बुशनेल यांनींहि म्हटलें आहे कीं, बर्कलेच्या युनिक्सचा जुना गाभा घेऊन तो जुळवावा अशी आरंभीची कल्पना होती, आणि ती नक्की यशस्वी झाली असती.

येथें थांबून, जुनें तें सोनें असा निकाल देणें सोपें आहे, पण तो खोटा होईल. मिनिक्सचें काय? सूक्ष्मगाभ्याची ती प्रणाली एका माणसानें लिहिली आणि ती पुरी झाली, शेंकडों वर्गांत शिकविली गेली. टॅनेनबॉम यांनीं त्याच वादांत सांगितलें आहे कीं, पुस्तकें लिहून कंटाळा आला म्हणजे संध्याकाळीं करावयाचा तो आपला छंद होय. मग जी रचना एका छंदिष्टानें फावल्या वेळांत तडीस नेली, तींत हर्डची मंडळी कां अडकलीं? फरक रचनेच्या वयाचा नाहीं. टॅनेनबॉम यांची कित्येक वर्षें याच विषयाच्या अध्यापन-संशोधनांत गेलीं होतीं. सूक्ष्मगाभा हें त्यांच्या हातच्या सवयीचें अवजार होतें, आणि शिवाय त्यांनीं तें मुद्दाम लहान ठेविलें. टोरवाल्ड्सच्या हातास युनिक्स आणि सी यांची संवय होती. दोघांनींहि वस्तुतः एकच गोष्ट केली, आणि मग आपापल्या संवयीस तत्त्वाचें नांव देऊन ते भांडत बसले. हर्डच्या बाजूस मात्र तळच्या गाभ्याशीं ज्याचा हात पूर्वीपासून बसला आहे असा माणूस नव्हता. तो गाभा बाहेरून आणलेला होता, आणि तो आणला त्याच्या कीर्तीवर.

अर्थात् लिनक्सचें पुढील भाग्य एवढ्यानेंच ठरलें नाहीं. १९९२ च्या आरंभीं टोरवाल्ड्सनें ग्नूचा परवाना स्वीकारला, त्यामुळें जगभरचे लोक निःशंकपणें त्यांत भर घालूं लागले. आणि ग्नूच्या कंपायलरवांचून तर त्याची एक ओळहि चालली नसती. बर्कलेचें युनिक्स त्याच सुमारास कोर्टकचेऱ्यांत सांपडलें, तो खटला १९९४ पर्यंत मिटला नाहीं. मार्च १९९४ मध्यें लिनक्सची १.० ही आवृत्ति निघाली तेव्हां दहा हजार ओळींच्या १,७६,२५० झाल्या होत्या. २०१७ च्या नोव्हेंबरापासून जगांतील सर्वांत वेगवान अशा पांचशें संगणकांच्या यादींतील पांचशेंहि लिनक्सवर चालत आले आहेत, आणि अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनांत तोच गाभा आहे.

परंतु टॉम्प्सन यांची साक्ष आठवावयाची ती येथें. सवयीच्या मार्गानें गेल्यानें काम लौकर झालें, त्याचें देणें मागाहून फेडावें लागलें. एका चिपशीं बांधलेली गांठ सोडविण्यास डिजिटल कंपनीची अल्फा यंत्रें येईपर्यंत वाट पाहावी लागली. १९९५ च्या आवृत्तींत ती सुटली, पण त्यासाठीं गाभ्याचे कित्येक भाग उकलून पुनः शिवावे लागले. १९९६ सालीं एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांची सोय केली तेव्हां झटपट उपाय म्हणून साऱ्या गाभ्यास एकच मोठें कुलूप लाविलें: एका वेळीं एकानेंच आंत जावें. कारभाऱ्याच्या त्या एका दालनाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. तें कुलूप तुकड्यातुकड्यानें काढतां काढतां २०११ साल उजाडलें. पंधरा वर्षें! टॅनेनबॉम यांचा आक्षेप पोकळ नव्हता, हें या एका कुलुपावरून दिसतें. दुसरीकडे, इंटेलची चिप लौकर नाहींशी होईल हें त्यांचें भाकित टेबलावरील संगणकांच्या बाबतींत साफ चुकलें; आपल्या खिशांतील फोनांच्या बाबतींत, जेथें एआरएम जातीच्या निराळ्या चिपा असतात, तेथें तें उशिरां कां होईना, बरेंचसें खरें ठरलें.

त्याच स्वभावाचें दुसरें उदाहरण २००५ सालचें. एव्हांना टोरवाल्ड्स प्रसिद्ध गृहस्थ झाले होते. लिनक्समध्यें हजारों लोकांनीं केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यासाठीं जें साधन ते वापरीत, त्याचा फुकट परवाना त्या एप्रिलमध्यें बंद झाला. दुसरीं साधनें त्यांस मंद वाटलीं. एप्रिलच्या ३ तारखेस त्यांनीं स्वतःचें साधन लिहावयास घेतलें. ७ तारखेस तें स्वतःच्याच बदलांची नोंद ठेवूं लागलें. जूनमध्यें लिनक्सची पुढील आवृत्ति त्याच्याच आधारें निघाली. त्याचें नांव गिट. कसल्याहि डेटाबेसच्या फंदांत न पडतां, फायलींची व्यवस्था रचणारा मनुष्य ज्या रीतीनें विचार करतो त्या रीतीनें त्यांनीं तें रचिलें, आणि भाषा पुनः सी. दोन वर्षांनीं एकानें विचारलें कीं, सी++ कां नाहीं, तेव्हां त्यांनीं दिलेलें उत्तर फारच कडवट होतें. त्याचें समर्थन करण्याचें मला कारण दिसत नाहीं. त्याच एप्रिलमध्यें, त्याच अडचणींतून, लिनक्सच्याच दुसऱ्या एका कार्यकर्त्यानें मर्क्युरिअल नांवाचें साधन पायथन भाषेंत लिहावयास घेतलें. तेंहि पुरें झालें, आणि मोझिलासारख्या मोठ्या संस्थेनें तें वर्षानुवर्षें वापरिलें.

लिनक्सच्या गाभ्यांत सी आणि यंत्राची असेंब्ली यांखेरीज दुसऱ्या भाषेस प्रवेश मिळाला तो डिसेंबर २०२२ मध्यें, ६.१ या आवृत्तींत. ती भाषा रस्ट. स्मृतीच्या गैरवापराच्या ज्या चुका सी भाषेंत सहज होतात, त्यांतील बऱ्याच रस्ट मुळांतच अडविते. तिच्या प्रवेशावरून जुन्या आणि नव्या कार्यकर्त्यांत जी खडाजंगी झाली, तींत टोरवाल्ड्स नव्या भाषेच्या बाजूनें उभे राहिले. पण कोणासहि तिची सक्ति केली नाहीं. नवे जोडभाग तींत लिहावे, जुन्यांनीं सी लिहीत राहावें, अशी व्यवस्था झाली.

आणि मिनिक्स? २०१७ सालीं असें उघडकीस आलें कीं, इंटेल कंपनीनें आपल्या चिपांच्या पोटांत यंत्राच्या देखरेखीसाठीं जो एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविला आहे, त्यावर मिनिक्स चालते. म्हणजे ज्या चिपशीं गांठ बांधूं नये असें प्राध्यापकांनीं बजाविलें होतें, तिच्याच उदरांत त्यांची प्रणाली जाऊन बसली होती, आणि कोट्यवधि यंत्रांत पसरली होती. टॅनेनबॉम यांनीं कंपनीस एक अनावृत पत्र लिहिलें. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्या अभियंत्यांनीं आपणांस पुष्कळ तांत्रिक प्रश्न विचारले होते आणि प्रणालीची स्मृतीची गरज कमी करण्यासाठीं बदल सुचविले होते, ते आपण केलेहि होते, असें त्यांनीं त्यांत सांगितलें. परवान्याप्रमाणें कंपनी आपणांस कांहीं कळविण्यास बांधलेली नव्हती. तरी मिनिक्स घराघरांत पोहोंचल्याचें तिनें सौजन्यानें एकदां कळविलें असतें तर बरें झालें असतें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.